संगणकाचा आवाज : अंगचा कीं विकतचा ?

संगणक घरांत आला कीं त्याच्या पाठोपाठ मागण्यांची एक लांबलचक यादीहि येते, हा अनुभव बहुतेक पालकांस असेल. त्या यादींत 'साउंड कार्ड' हें नांव पुष्कळदां आढळतें. मुलगा म्हणतो, "आपल्या संगणकाचा आवाज चांगला नाहीं, वेगळें कार्ड घेतल्याखेरीज तो सुधारावयाचा नाहीं." वडील विचारतात, "मग आतां जो आवाज येतो आहे तो कोठून येतो ?" वडिलांचा हा प्रश्न साधा दिसला तरी शास्त्रीय आहे. त्याचें उत्तर नीट समजलें तर मागणी गरजेची आहे कीं हौसेची, हें पिता-पुत्र दोघांनाहि ठरवितां येईल. प्रस्तुत लेखांत आम्ही तेंच समजावून देण्याचा प्रयत्न करणार आहों.

संगणकांत गाणें साठविलेलें असतें तें आवाजाच्या रूपानें नव्हे, तर आंकड्यांच्या रूपानें. ध्वनि म्हणजे हवेच्या दाबांतील चढउतार. हा चढउतार एका सेकंदांत ४४,१०० वेळां मोजावयाचा, आणि प्रत्येक वेळचें माप द्विमान पद्धतीच्या १६ अंकांत लिहून ठेवावयाचें, ही रीत १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कपासून सर्वत्र रूढ झाली. द्विमान पद्धतीच्या १६ अंकांत ६५,५३६ निरनिराळीं मापें लिहितां येतात. ४४,१०० हाच आंकडा कां, असें कोणी विचारील. जो स्वर टिपावयाचा त्याच्या कंपसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळां माप घ्यावें लागतें, असा गणिताचा सिद्धान्त आहे. आणि मनुष्याच्या कानाला सेकंदास फार तर २०,००० कंपांपर्यंतचा स्वर ऐकूं येतो, तोहि तरुण वयांत. तेव्हां एवढीं मापें पुरतात.

परंतु आंकडे कांहीं कानाला ऐकूं येत नाहींत. त्यांचें विजेच्या दाबांत रूपांतर व्हावें लागतें; मग तो दाब तारेंतून हेडफोनच्या किंवा स्पीकरच्या पडद्यास हलवितो व हवा पुन्हां कंप पावूं लागते. हें रूपांतर करणारी एक लहानशी चिप आजच्या जवळजवळ प्रत्येक मदरबोर्डवर बसविलेलीच असते. पुष्कळ मदरबोर्डांवर ती तैवानमधील रिअलटेक कंपनीची असते. हीच अंगची सोय. साउंड कार्ड म्हणजे याच कामाची चिप, तिच्या जोडीला बरासा ॲम्प्लिफायर व अधिक स्वच्छ वीजपुरवठा, हें सर्व एका वेगळ्या पाटीवर मांडून मदरबोर्डच्या खांचेंत बसविण्याची योजना. तीच योजना डबींत घालून यूएसबीच्या तारेनें बाहेरून जोडली म्हणजे तिला डॅक म्हणतात, आणि माईक जोडण्याची सोय असली तर ऑडियो इंटरफेस म्हणतात. आंकड्यांचा आवाज करणें हें काम सर्वांचें एकच. मूळ मुद्रणांत जें नाहीं तें यांपैकीं कोणीहि उत्पन्न करूं शकत नाहीं, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं आरंभींच लक्षांत घ्यावी.

मग हा वाद उत्पन्न झाला कसा ? १९८१ सालीं आय. बी. एम. कंपनीनें आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर विक्रीस काढला तेव्हां त्यांत एक बारकासा स्पीकर होता, आणि तो मुख्यत्वें 'बीप' एवढेंच बोलत असे. १९८७ मध्यें कॅनडांतील ॲडलिब कंपनीनें यामाहाची चिप बसविलेलें कार्ड काढलें व संगणकावर सूर वाजूं लागले. १९८९ सालीं सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचें साउंड ब्लास्टर आलें. त्यानें सुरांच्या जोडीला मुद्रित केलेलें मनुष्याचें बोलणेंहि ऐकविलें. त्या काळीं कोणता आवाज बरा हा प्रश्नच नव्हता. कार्ड नाहीं तर आवाज नाहीं, असा सरळ हिशेब होता. पुढें १९९७ मध्यें इंटेल कंपनीनें मदरबोर्डवरच ध्वनीची सोय करण्याचा एक नमुना ठरवून दिला, आणि २००४ मध्यें त्याहून सुधारलेला दुसरा दिला. पहिल्या पिढीच्या या अंगच्या सोयी पुष्कळशा यथातथाच होत्या. खरखर, गुणगुण, माउस हलविला कीं चिरचिर, हे त्यांचे अवगुण लोकांनीं स्वतःच्या कानांनीं ऐकलेले होते. म्हणून 'साउंड कार्ड घ्याच' हा सल्ला त्या दिवसांत योग्य होता. पुढें चिपा सुधारल्या. सल्ला मात्र जागचा हालला नाहीं. थोरल्या भावानें तो धाकट्यास दिला आणि दुकानदारानें गिऱ्हाइकास.

खेळांसाठीं कार्ड पाहिजे, या समजुतीचेंहि असेंच आहे. एके काळीं खेळांतील निरनिराळ्या आवाजांचें गणित कार्डावरील चिप करीत असे, व तेवढा मुख्य प्रोसेसरचा भार हलका होई. २००७ सालीं सर्वत्र विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टा या प्रणालींत ध्वनीची रचनाच बदलली आणि तें गणित बहुतांशीं प्रोसेसरकडे गेलें. आजच्या प्रोसेसरला तें ओझें जाणवतहि नाहीं.

आतां अंगच्या चिपेची योग्यता पाहूं. द्विमान १६ अंकांच्या मुद्रणांत अतिशय मोठा आणि अतिशय बारीक आवाज यांमध्यें सुमारें ९६ डेसिबेलचें अंतर मावतें. पंखा फिरत असलेल्या खोलींत मुळांतच ३५ ते ४० डेसिबेलचा गलबला असतो; त्याच्याहि वर ९६ डेसिबेल चढावयाचें म्हणजे कान फाटण्याची वेळ आली. रिअलटेकच्या एएलसी १२२० या चिपेच्या बाबतींत हें अंतर कागदोपत्रीं १२० डेसिबेल दिलेलें आहे. चिप कमी पडते असें म्हणण्यास मग जागा कोठें राहिली ? कमी पडते ती तिची वस्ती. एका बाजूस प्रोसेसर, दुसऱ्या बाजूस ग्राफिक्स कार्ड, वर विजेचा पुरवठा करणारी पेटी. यांतील प्रवाह सेकंदांत असंख्य वेळां चालू-बंद होत असतो, आणि त्याचा थोडासा ओरखडा ध्वनीच्या नाजुक तारेवर उमटतो. चिप सज्जन, पण शेजार वाईट, असा हा प्रकार आहे. चांगले कारखानदार मदरबोर्डच्या कोपऱ्यांत ध्वनीचा भाग वेगळा काढून ही अडचण पुष्कळ कमी करतात. पण सर्वच तसें करतात असें नाहीं. आणि येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. पेटीच्या आंत बसविलेलें महाग साउंड कार्डसुद्धां त्याच गलबल्याच्या आळींत राहावयास जातें, कधीं कधीं तर ग्राफिक्स कार्डच्या अगदीं शेजारीं. त्याला संरक्षण असतें, हें खरें. तथापि शेजार टाळावयाचाच असेल तर बाहेरची डबी अधिक शहाणपणाची, असें आमचें मत आहे.

तेव्हां पैसे खर्च करण्यापूर्वीं पुढील परीक्षा घरीं करून पाहावी. नेहमींचे हेडफोन कानाला लावावे, आवाज नेहमींइतकाच ठेवावा, आणि कांहींहि न वाजवितां माउस इकडे तिकडे हलवावा, एखादें लांब पान वरखालीं सरकवावें, एखादें मोठें चित्र उघडावें. कांहीं ऐकूं आलें नाहीं तर अंगच्या चिपेवर खरखरीचा आरोप शाबीत होत नाहीं. चिरचिर ऐकूं आली तर हेडफोनची पीन संगणकाच्या दर्शनी भागांतून काढून पाठीमागच्या हिरव्या छिद्रांत घालावी. दर्शनी छिद्रापर्यंत जाणारी तार पेटीच्या पोटांतून, सगळ्या गर्दीमधून गेलेली असते. मागचें छिद्र मदरबोर्डवरच असतें. एवढ्यानेंच चिरचिर थांबते असें पुष्कळदां घडतें, आणि मग खर्चाचा प्रश्नच मिटला. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून केवळ बॅटरीवर ऐकावें. एक सारखी 'हूं' अशी गुणगुण चार्जर काढतांच नाहींशी झाली, तर ती घरच्या विजेंतून आली आहे असें समजावें. आपल्याकडील वीज सेकंदास ५० वेळां आंदोलन पावते व ही गुणगुणहि त्याच ५० च्या पटींत असते. संगणक व ॲम्प्लिफायर दोन वेगळ्या बोर्डांवर लावले असतील तर ते एकाच बोर्डावर लावून पाहावे, आणि घरचें अर्थिंग जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावें. प्लगची अर्थिंगची पीन काढून गुणगुण घालविण्याचा उपाय कोणी सुचविला तर तो मुळींच ऐकूं नये. त्यांत प्राणावर बेतण्याचा संभव आहे.

यापुढची परीक्षा अधिक मनोरंजक आहे, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्यांस ती विशेष आवडेल. मित्राचें कार्ड किंवा डॅक एक दिवसापुरता मागून आणावा. दोहोंचा आवाज अगदीं सारखा मोठा करावा, कारण किंचित् मोठा आवाज आपल्या कानाला उगाच 'चांगला' वाटतो आणि सगळा निर्णय बिघडवितो. मग भावानें किंवा बहिणीनें नाणें उडवून, आपल्या नकळत, कधीं हा तर कधीं तो लावावा, आणि आपण डोळे मिटून सांगावें. असें दहा वेळां करावें. नुसत्या अंदाजानें दहांपैकीं नऊ किंवा दहा वेळां बरोबर येण्याचा संभव १,०२४ मध्यें ११, म्हणजे शंभरांत सुमारें एक इतकाच असतो. तेव्हां नऊ उत्तरें बरोबर आलीं तर कानाला खरोखर फरक कळतो असें म्हणावें. पांच-सहा बरोबर आलीं तर तो फरक कानांत नसून किंमतीच्या चिठ्ठींत आहे.

कित्येक घरांत तर हा प्रश्न मुळांतच निरर्थक असतो, आणि तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. हेडफोन ब्ल्यूटूथचे असतील तर आंकड्यांचा आवाज करणारी चिप त्या हेडफोनच्याच आंत असते. संगणक फक्त आंकडे पाठवितो. यूएसबीच्या हेडफोनचेंहि तसेंच. एचडीएमआय तारेनें दूरदर्शन-संच जोडला तर आवाज त्या संचांत तयार होतो. अशा घरीं मदरबोर्डवरील चिप काय किंवा हजारों रुपयांचें कार्ड काय, दोन्ही वाटेंतच येत नाहींत. ब्ल्यूटूथचे हेडफोन वापरणाऱ्या मुलानें साउंड कार्ड मागितलें तर तें विहिरीवर नवा रहाट बसवून नळाचें पाणी पिण्यासारखें होईल.

तारेच्या हेडफोनांची गोष्ट निराळी, आणि येथें कार्ड किंवा डॅक घेण्यास एक खरें कारण सांपडतें. हेडफोनचा विद्युत्-रोध ओममध्यें मोजतात. नेहमींचे हेडफोन ३२ ओमच्या आसपास असतात. ध्वनिमुद्रणगृहांत वापरावयाचे कांहीं २५० किंवा ३०० ओमचे असतात. असल्यांस अधिक दाबाची वीज लागते, ती अंगच्या चिपेकडून पुरेशी न मिळाल्यास आवाज पूर्ण चढवूनहि मंदच राहतो. दुसरी अडचण याच्या उलट आहे. आवाज ज्या छिद्रांतून बाहेर पडतो त्या उगमालाहि स्वतःचा रोध असतो, आणि पदार्थविज्ञानांत आपण शिकतों त्याप्रमाणें विजेचा दाब दोन रोधांत त्यांच्या प्रमाणांत वांटला जातो. समजा, उगमाचा रोध ७५ ओम आणि हेडफोनचा ३२ ओम आहे. तर हेडफोनच्या वांट्यास दाबाचे शेंकडा ३० येतात. आतां पुष्कळ हेडफोनांचा रोध सर्व स्वरांना सारखा नसतो. खर्जाच्या एखाद्या स्वराला तो ६४ ओम झाला, तर त्या स्वराच्या वांट्यास शेंकडा ४६ येतील. म्हणजे गायकानें जो स्वर इतरांबरोबरीचा लावला तो आपणांस दीडपट दाबानें, फुगलेला ऐकूं येणार. उगमाचा रोध अवघा २ ओम असता तर हेच आंकडे शेंकडा ९४ व ९७ असे आले असते, आणि कानाला भेद कळला नसता. म्हणून डॅक घेतांना जाहिरातींतील मोठमोठे आंकडे पाहण्यापेक्षां उगमाचा रोध किती आहे तें पाहावें. तो हेडफोनच्या रोधाच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, असा सामान्य नियम आहे.

पालकांनीं येथें आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावें. जोरदार ॲम्प्लिफायर म्हणजे कानावर जोरदार आघात करण्याचीहि सोय. जागतिक आरोग्य संघटनेनें मोठ्यांसाठीं ८० डेसिबेल आणि मुलांसाठीं ७५ डेसिबेल आवाज आठवड्यास ४० तास, ही मर्यादा सांगितली आहे. आवाज दर ३ डेसिबेलनें वाढला कीं ही मुदत निम्मी होते. बधिर झालेला कान कोणत्याहि कार्डानें परत मिळत नाहीं.

सहा-आठ स्पीकर खोलीभर मांडण्याच्या हौसेविषयीं फारसें लिहिण्याची जरूरी नाहीं. त्यांची छिद्रेंहि आतां बऱ्याच मदरबोर्डांवर असतात.

मुद्रणाचा विषय मात्र सविस्तर लिहिण्यासारखा आहे. कारण ऐकण्यांत अंगची चिप जितकी समर्थ तितकी ती ध्वनि टिपण्यांत नसते. जी मुलगी गाणें शिकते, जो मुलगा पेटी किंवा तबला वाजवितो, त्याच्या मागणीकडे 'हौस' म्हणून दुर्लक्ष करणें योग्य होणार नाहीं. स्वतःचें गाणें ऐकून स्वतःचे दोष कळतात, हा रियाजाचा एक मोठा लाभ आहे. आणि दोष कळावयाचे तर मुद्रण स्वच्छ पाहिजे. तंबोऱ्याच्या तारेचा नाद विरत जातांना शेवटीं जे बारीक स्वर उरतात, नेमके तेच अंगच्या चिपेच्या सळसळींत बुडून जातात. माईकमधून येणारी वीज फारच थोडी, कित्येक माईकांत व्होल्टच्या हजाराव्या हिश्शांत मोजण्याइतकी असते. ती शेंकडों पटींनीं वाढवावी लागते, आणि तिच्याबरोबर पेटींतील गलबलाहि तितकाच वाढतो. शिवाय मुद्रणगृहांतील कंडेन्सर जातीच्या माईकाला ४८ व्होल्ट वीज बाहेरून द्यावी लागते. मदरबोर्डच्या गुलाबी छिद्रांतून अवघे दोन-चार व्होल्ट मिळतात. तो माईक तेथें जोडतांच येत नाहीं.

याहून सूक्ष्म अडचण विलंबाची. साथीचें मुद्रण हेडफोनमध्यें लावून मुलगा गात आहे, आणि स्वतःचा आवाजहि त्याला हेडफोनमध्येंच ऐकावयाचा आहे. संगणक मापें एकेक करून पुढें पाठवीत नाहीं, त्यांचे गठ्ठे बांधतो. सेकंदास ४८,००० मापें घेतलीं आणि १,०२४ मापांचा गठ्ठा बांधला, तर एका गठ्ठ्यास सुमारें २१ सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्या वेळांत हवेंतून आवाज सात मीटरांहून अधिक चालून जातो. म्हणजे तबलजी शेजारीं न बसतां चोवीस फुटांवर बसला आहे, असा भास होणार. आणि येतांना एक गठ्ठा, जातांना एक गठ्ठा, म्हणून हें अंतर दुप्पट होणार. गठ्ठा २५६ मापांचा केला तर विलंब सुमारें ५ सहस्रांश सेकंदांवर, म्हणजे सुमारें सहा फुटांच्या अंतरावर येतो, व तो सोसतो. परंतु इतके लहान गठ्ठे अडखळल्यावांचून पाठविण्यास चांगला ड्रायव्हर लागतो. विंडोजवर त्यासाठीं आसिओ नांवाची पद्धति वापरतात, आणि बहुतेक ऑडियो इंटरफेसांबरोबर तिचा ड्रायव्हर मिळतो. शिवाय बहुतेक इंटरफेसांत गायकाचा आवाज संगणकांत शिरण्यापूर्वींच त्याच्या कानांत परत देण्याची सोय असते, मग विलंब उरतच नाहीं. म्हणून गाणाऱ्या-वाजविणाऱ्या मुलासाठीं आमचें उत्तर स्पष्ट आहे : अंगची चिप नको, पेटींतलें साउंड कार्डहि नको, दोन माईकांची सोय असलेला साधा यूएसबी इंटरफेस घ्यावा. तो लॅपटॉपलाहि चालतो, आणि संगणक बदलला तरी टाकावा लागत नाहीं.

पाठांतर, वक्तृत्व किंवा भाषेचा उच्चार एवढेंच टिपावयाचें असेल, तर एवढाहि खटाटोप नको. यूएसबीचा साधा माईक किंवा घरांतील मोबाईल पुरतो. माईक तोंडापासून दोन हात दूर असेल तर तो एक हातावर आणावा. मोकळ्या जागीं एवढ्यानें आवाज सुमारें ६ डेसिबेलनें वाढतो, आणि खोलीचा गलबला होता तेवढाच राहतो. रिकाम्या खोलींतील घुमारा मोडावयाचा तर दोरीवर दोन गोधड्या टाकाव्या. असला लाभ पुष्कळ महाग यंत्रांनींहि होत नाहीं.

शेवटीं खरेदीविषयीं. ऐकण्याची तक्रार असेल तर पैसा आधीं हेडफोनांत किंवा स्पीकरांत घालावा. दोन हेडफोनांतील फरक कोणासहि ऐकूं येतो, दोन बऱ्या चिपांमधील फरक डोळे मिटल्यावर बहुतेकांस ऐकूं येत नाहीं. अंगचें छिद्र मोडलें असेल, किंवा खरखर वरील उपायांनीं जातच नसेल, तर अंगठ्याएवढा यूएसबीचा डॅक बहुधा पुरेसा होतो. पेटींतलेंच कार्ड घ्यावयाचें ठरलें, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा किंवा आपल्या गांवच्या दुकानांत जा, निघण्यापूर्वीं घरचा संगणक उघडून पीसीआय एक्स्प्रेसची एक खांच मोकळी आहे ना, आणि ग्राफिक्स कार्डानें ती झांकलेली नाहीं ना, हें पाहून घ्यावें. जुनें कार्ड स्वस्तांत मिळत असेल तर तें कोणत्या खांचेचें आहे तें विचारावें, कारण पूर्वींच्या पीसीआय खांचा नव्या मदरबोर्डांवर बहुधा नसतात. आणि आपल्या विंडोजसाठीं त्याचा ड्रायव्हर मिळतो कीं नाहीं, याची दुकानांतच खात्री करून घेऊन मग पैसे द्यावे.